उंच केलेल्या पिकअपचे मागचे डिफरन्शिअल पुन्हा का तुटते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उंची वाढवलेल्या पिकअपचे मागचे डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी, तुटले, की पुष्कळदा नवे क्राउन-पिनियन (त्यातले मोठे दातेरी चाक आणि त्याला फिरवणारे लहान चाक) बसवून, तेल भरून गाडी मालकाच्या हवाली केली जाते आणि काही महिन्यांत तीच गाडी त्याच तक्रारीसाठी पुन्हा जॅकवर चढते. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले. दुसऱ्या खेपेला मी एका जुन्या कारागिराकडे गेलो आणि काम पूर्ण होईपर्यंत शेजारी उभा राहिलो. तेव्हा जे पाहिले, ते अशी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे असे मनापासून वाटते.

मागचे झाकण उघडल्यावर बाहेर आलेले तेल काळे होते आणि उजेडात धरल्यावर त्यात चंदेरी चमक दिसत होती. ड्रेन प्लगच्या चुंबकावर लोखंडाचा कीस दाट चिकटला होता. पिनियनचे दोन दात मुळापासून उडालेले होते. त्यांपैकी एक दात फडक्याने पुसून कारागिराने माझ्या तळहातावर ठेवला. तुटलेल्या पृष्ठाचा थोडा भाग गुळगुळीत होता, त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक वळणदार रेषा होत्या, आणि उरलेला भाग खडीसाखरेसारखा रवाळ होता. रवाळ भाग शेवटच्या झटक्यात तुटलेला असतो. गुळगुळीत भागातली चीर मात्र कितीतरी दिवस रोज थोडी थोडी पुढे सरकत आलेली असते. चिखलातून गाडी काढताना ‘खट्’ आवाज झाला तो दिवस मी उगाच दोषी ठरवत होतो. तो दात त्याच्या कितीतरी आधीपासून तुटत होता.

तो का तुटत होता, याचे पहिले उत्तर टायरमध्ये आहे. मूळचे २९ इंची टायर काढून मी ३३ इंची घातले होते. चाकाची त्रिज्या वाढली की जमिनीवर तेवढाच जोर लावण्यासाठी ॲक्सलवर (चाके फिरवणाऱ्या दांड्यावर) सुमारे १४ टक्के अधिक पीळ यावा लागतो, आणि ४.१० चा रेशो (क्राउनच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे किती फेरे होतात ते प्रमाण) प्रत्यक्षात ३.६० असल्यासारखा वागू लागतो. गाडी जड वाटते, चालक ॲक्सलरेटर जास्त दाबतो आणि हा सगळा ताण दातांवर जातो. मूळची चाल परत हवी असेल तर ४.६७ च्या आसपासचा रेशो निवडावा लागतो. गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचे डिफरन्शिअलही त्याच रेशोचे करणे भाग असते, एरवी दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढत राहतात.

दुसरे उत्तर पाट्यांखाली, म्हणजे मागच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांखाली, होते. उंची वाढवण्यासाठी पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घातले होते. अशा गाडीला जोर दिला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळवटतात, पिनियनचे तोंड वर उचलले जाते आणि चाक घसरताच सगळे झटक्याने मागे येते. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून पिनियनपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याचा) कोन बदलल्यामुळे दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळणाऱ्या सांध्यांचे) कोन एकमेकांशी जुळत नाहीत आणि जी थरथर सुरू होते ती पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचते. पहिल्या दुरुस्तीत कोणी हे कोन मोजलेच नव्हते. या वेळी पाचरीच्या आकाराच्या पट्ट्या घालून ते जुळवले, आणि पिनियनचे तोंड वर झाल्यावर पुढच्या बेअरिंगला तेल कमी मिळण्याचा धोका असतो म्हणून तेलाची पातळीही नव्याने तपासली.

प्रत्यक्ष जुळणीत सर्वाधिक वेळ गेला तो मोजण्यात. क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यातच एकमेकांशी जुळवलेली असते, त्यामुळे एक जुने आणि एक नवे चालत नाही. दोघांच्या दातांमधली मोकळीक अनेक पिकअपमध्ये ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतात, म्हणजे साध्या कागदाच्या जेमतेम दोन पानांएवढी. ती डायल गेजशिवाय (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या तबकडीच्या मापकाशिवाय) हाताच्या अंदाजाने कळूच शकत नाही. दातांना पिवळी पेस्ट लावून क्राउन फिरवला, तेव्हा पहिल्यांदा ठसा दाताच्या कडेला उमटला. शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून, पिनियन पुन्हा पुन्हा काढून-बसवून तो मध्यावर यायला चार वेळा प्रयत्न करावे लागले. आधीच्या जुन्या दातांवर झीज नेमकी कडेलाच होती. हाउसिंग आणि ॲक्सलच्या नळ्याही आतून धुतल्या, कारण तिथे राहिलेला कीस नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवसापासून खाऊ लागतो.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मागचे डिफरन्शिअल तुटले असेल तर गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून थांबेल यावर विसंबू नका, कारण गिअरबॉक्स आणि चाके यांना जोडणारा दुवाच तुटलेला असतो. चाकांना अडण्या लावल्याशिवाय आणि भक्कम स्टँड दिल्याशिवाय, केवळ जॅकच्या भरवशावर, उंच केलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

अशी दुरुस्ती करणाऱ्यांनी दातांमधली मोकळीक, बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच त्यावर ठेवलेला दाब) आणि शाफ्टचे कोन बिलासोबत लिहून द्यावेत, पेस्टच्या ठशाचे छायाचित्र द्यावे आणि काढलेले भाग मालकाला परत करावेत. मालकांनीही गाडी सोपवतानाच ही मागणी करावी. पहिल्या दुरुस्तीचा असा एक कागद माझ्या हाती असता, तर कोन मोजलेलेच नाहीत हे मला त्याच दिवशी कळले असते.

आपला नम्र,
एक पिकअपमालक वाचक