दाशी वगळलेले मिसो सूप

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत हल्ली जपानी पदार्थांच्या कृती वरचेवर येतात. त्यांत मिसो सूप असले की बहुतेकदा एवढेच लिहिलेले असते: उकळत्या पाण्यात चमचाभर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) कालवा, टोफू घाला, पाच मिनिटे उकळू द्या. असे सूप नुसतेच खारट लागते आणि खाणारा जपानी जेवणाला नावे ठेवतो. खरे तर मिसो सूप पाण्यात करायचेच नसते, ते दाशीत, म्हणजे समुद्री शेवाळ, सुका मासा अशा जिनसांचा अर्क उतरवून गाळलेल्या पाण्यात करायचे असते.

नेहमीच्या दाशीला एक लिटर पाण्यामागे 10 ग्रॅम कोम्बू आणि 20 ते 30 ग्रॅम कात्सुओबुशी लागते. कोम्बू म्हणजे मुख्यतः होक्काइदोच्या किनाऱ्यावर मिळणारे, वाळवलेले समुद्री शेवाळ. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या कुळातला मासा उकडून, पुन्हा पुन्हा धुरी देऊन लाकडासारखा कडक करतात, त्याचा पातळ कीस. कोम्बूवरची पांढरी भुकटी ही बुरशी नव्हे, त्यातच चव असते. म्हणून तो धुऊ नये, ओलसर फडक्याने हलकेच पुसावा. अर्धा तास गार पाण्यात ठेवून मंद आचेवर तापवावा आणि तळाशी बुडबुडे दिसू लागताच बाहेर काढावा. उकळला तर पाणी बुळबुळीत होते आणि उग्र वास येतो. मग त्या पाण्याला एक उकळी आणून गॅस बंद करावा, कीस घालावा, मिनिट-दोन मिनिटांत तो खाली बसला की मलमलच्या फडक्यातून गाळावे. फडके पिळू नये. पिळले की दाशी गढूळ आणि कडवट होते. उरलेला चोथा निम्म्या पाण्यात दहा मिनिटे मंद उकळला तर भाज्या शिजवायला दुसरी दाशी मिळते.

पाणी जड असेल तर कोम्बूची चव नीट उतरत नाही. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी दाशीपुरते तरी आरओ यंत्राचे मृदू पाणी घ्यावे.

दोन जिन्नस एकत्र घेण्यामागे कारण आहे. 1908 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बूतील चव ग्लुटामेटची असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी ‘अजिनोमोटो’ बाजारात आले. (आपल्या चायनीजच्या गाड्यांवरचे अजिनोमोटो ते हेच!) 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडले. ही दोन द्रव्ये एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते.

शाकाहारी वाचकांसाठी मुद्दा अधिक गंभीर आहे. मिसो सोयाबीनचा असतो म्हणून सूप शाकाहारी ठरत नाही. दाशीच्या तयार पुड्यांत बहुधा मासा असतो, आणि आगेदाशी टोफू, सोबा शेवयांचा रस्सा, तेम्पुरा या जपानी भज्यांबरोबरची चटणीवजा पातळ आमटी यांतही तीच दाशी असते. उपाहारगृहात ‘मासे आहेत का’ असे विचारून भागत नाही. ‘दाशी कशाची’ हे विचारावे. बौद्ध मठांतील शोजिन या शाकाहारी स्वयंपाकात कोम्बू आणि सुक्या शिताके अळंब्यांची दाशी करतात. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू आणि चार-पाच अळंब्या रात्रभर फ्रिजमध्ये भिजवाव्यात, सकाळी तापवून उकळीआधी कोम्बू काढावा. अळंबी न खाणाऱ्यांना नुसत्या कोम्बूची दाशीही चालते, फक्त ती सौम्य लागते. कोम्बूत आयोडीन भरपूर असते, तेव्हा थायरॉइडचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

सुकटीच्या पाण्यात सूप करण्याचा सल्लाही कोणी देतात. जपानमध्ये निबोशी नावाच्या छोट्या सुक्या माशांची दाशी असते खरी, पण ते मासे आधी उकडून मग वाळवलेले असतात, आणि वापरताना त्यांची डोकी व काळे पोट काढून टाकतात. नुसत्या उन्हात वाळवलेल्या बोंबलाचा वास मिसोला दाबून टाकतो.

शेवटी मिसो. शिन्शू प्रकारच्या मिसोत सुमारे 12 टक्के मीठ असते. 200 मिलिलिटर दाशीला तो 15 ग्रॅम पुरतो. क्योतोच्या गोडसर पांढऱ्या सायक्यो मिसोत मीठ निम्म्याहून कमी, म्हणून तो जवळजवळ दुप्पट लागतो. तेव्हा ‘एक चमचा मिसो’ या मापाला अर्थ नाही. टोफू दाशीत गरम झाला की गॅस बंद करून, पळीत थोडी दाशी घेऊन त्यात मिसो विरघळवावा. त्यानंतर उकळू नये, सुगंध उडून जातो.

यापुढे अशी कृती छापताना दाशी कशाची आणि मिसो कोणता, एवढे दोन तपशील तरी द्यावेत. आणि दाशीचा उल्लेख नसलेल्या कृतीवर ‘शाकाहारी’ असा शिक्का मारू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे