वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदीचा अपडेट अडकून चुकीच्या काटापट्ट्या निघत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग

महोदय,

आमच्या जिनिंगवर काटा आणि हिशेब ही दोन्ही कामे तुमच्याच सॉफ्टवेअरवर चालतात. ऐन कापसाच्या हंगामात रिकाम्या गाडीचे वजन सेव्ह करताना स्क्रीन थिजते आणि 50 सेकंदांनी 1205 क्रमांकाची एरर येते. सपोर्टचे उत्तर ठरलेले: "नेट स्लो आहे, सर्व्हर रिस्टार्ट करा." सर्व्हर काट्याच्या खोलीतच आहे, नेटचा संबंधच नाही. 1205 म्हणजे लॉकची वाट पाहण्याची मुदत संपली: दुसऱ्याने अडवून ठेवलेल्या (लॉक केलेल्या) नोंदीसाठी इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसचे इंजिन, मूळ सेटिंगनुसार 50 सेकंदच थांबते.

काम अडले असताना 'शो फुल प्रोसेसलिस्ट' (डेटाबेसच्या चालू कनेक्शनची यादी) चालवून पाहा. काट्याचा अपडेट थांबलेला दिसेल, पण अडवणारा कोण ते कळणार नाही, कारण तो 'स्लीप'मध्ये, म्हणजे वरवर निष्क्रिय असतो. डेटाबेसच्या स्वतःच्या 'सिस' स्कीमातल्या 'इनोडीबी लॉक वेट्स'मध्ये त्याचा ब्लॉकिंग पीआयडी (अडवणाऱ्या कनेक्शनचा क्रमांक) मिळतो. तो हिशेबाच्या कॉम्प्युटरचा निघतो. तिथे 'चुकारा दुरुस्ती' (शेतकऱ्याला द्यायच्या रकमेची दुरुस्ती) ही विंडो उघडली की ओळी लॉक करणारे 'सिलेक्ट फॉर अपडेट' चालते आणि विंडो बंद होईपर्यंत कमिट (बदल पक्के करून लॉक सोडणे) होत नाही. शेतकरी पासबुक आणायला गेला, की तेवढा वेळ काटा ठप्प आणि फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग.

एका गाडीच्या दुरुस्तीने दुसरीची नोंद का अडावी? शोध गाडी क्रमांकावरून होतो आणि त्या कॉलमवर इंडेक्सच (हवी ती ओळ थेट शोधून देणारी सूची) नाही. ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून वेगळी ठेवण्याच्या 'रिपीटेबल रीड' या पातळीवर इनोडीबी तपासलेली प्रत्येक ओळ लॉक करते, म्हणजे इथे अख्खे टेबल.

सगळ्यात गंभीर बाब पुढची. 1205 आल्यावर फक्त तेवढा अपडेट रद्द होतो, ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का होणारा बदलांचा गट) उघडेच राहते. तुमचा प्रोग्राम एरर गिळून कमिट करतो आणि पट्टी छापतो. भरलेली ट्रॉली 5,480 किलो, रिकामी 3,360, म्हणजे निव्वळ 21.20 क्विंटल, पट्टीवर मात्र रिकामे वजन शून्य आणि कापूस 54.80 क्विंटल! अशा पट्टीवर चुकारा काढला, तर ट्रॅक्टर-ट्रॉलीसुद्धा कापसाच्या भावाने विकत घेतल्यासारखे होईल. रिस्टार्टने लॉक सुटतो खरा, पण कमिट न झालेल्या दुरुस्त्याही रोलबॅक होऊन, म्हणजे मागे फिरवल्या जाऊन, नाहीशा होतात.

गाडी क्रमांकावर आणि पावती क्रमांकावर इंडेक्स लावा. विंडो उघडताना लॉक घेऊ नका. सेव्ह करताना नोंदीचा आवृत्ती क्रमांक (मधल्या काळात कुणी ती बदलली का) तपासून लगेच कमिट करा. 1205 आली तर पूर्ण रोलबॅक करून पुन्हा प्रयत्न करा, आणि पट्टी कमिटनंतरच छापा. इंडेक्सचे काम फाटक बंद झाल्यावर, सगळी कनेक्शन तोडूनच करा. एक उघडे ट्रान्झॅक्शन राहिले तरी 'अल्टर टेबल' (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) मेटाडेटा लॉकसाठी, म्हणजे त्या रचनेवरच्या लॉकसाठी, थांबते आणि त्यामागे साधे सिलेक्टही तुंबतात.

शून्य रिकाम्या वजनाच्या सर्व पट्ट्यांची यादी आणि दुरुस्त आवृत्ती सात दिवसांत द्यावी. तोवर वार्षिक देखभाल शुल्क दिले जाणार नाही.

कळावे,
व्यवस्थापक, जिनिंग-प्रेसिंग
ता. घाटंजी, जि. यवतमाळ