शांघायच्या काकूंना, मनापासून

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

शांघायला नव्याने आलेल्या मराठी घरांना मुलं सांभाळणारी आयी मिळवून देताना तुम्ही जेवढा जीव ओतता, त्याबद्दल हे पत्र. ते उघड लिहितोय, कारण एकेका घराच्या स्वयंपाकघरात उभं राहून तुम्ही जे सांगता, ते पुढच्या घरांनाही आयतं मिळायला हवं.

'चांगली आयी सुचवा ना' असं कुणी म्हटलं, की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: 'दिवस लिहून काढलात का?' मूल कधी झोपतं, शाळेतून कोण आणतं, केर-फरशी तिच्याकडे की नाही, संध्याकाळी सहानंतर कोण. हे लिहिल्यावरच कळतं की हवं कोण आहे. बाळंतपणानंतरचा पहिला महिना बघणारी युएसाओ वेगळी आणि बरीच महाग, तान्ह्या-रांगत्या मुलांची यु-अर-साओ वेगळी, तासांवर येणारी बाई वेगळी. राहणारी आणि ये-जा करणारी यांचेही पगार निराळे. मुलासाठी म्हणून ठेवलेल्या बाईच्या अंगावर हळूहळू इस्त्री, भांडी, पाहुण्यांचा स्वयंपाक येत गेला की ती सोडून जाते. त्यात तिची चूक नसते.

कागदपत्रांबाबत तुम्ही कुणाची भीड ठेवत नाही, ते फार बरं. ओळखपत्र मूळ पाहायचं, फोटोवर भागवायचं नाही. आरोग्य प्रमाणपत्र साधारण वर्षभर चालतं, म्हणून त्यावरची तारीख पाहायची. शांघायचा घरसेवेचा स्वतंत्र कायदा १ मे २०२० पासून लागू आहे. एजन्सीकडून येणाऱ्या बाईकडे क्यूआर कोड असलेलं सेवा-कार्ड असतं, ते तिच्यासमोरच स्कॅन करायचं. आधीच्या घराला फोन लावताना 'कशी होती?' असं विचारलं तर सगळे 'छान' म्हणतात. तुम्ही विचारता, 'मुलाला ताप आला तेव्हा तिने आधी काय केलं?' उत्तरावरून बाई कळते.

आणि करार. घराने थेट ठेवलेल्या आयीला तिथला कामगार कायदा लागू होत नाही, त्यामुळे कागदावर जे असेल तेवढंच तिचं आणि आपलं. तास, आठवड्याची सुट्टी, सणांचे दिवस, जादा तासांचा दर, एजन्सीचं शुल्क कुणी भरायचं, पटलं नाही तर किती दिवसांत दुसरी बाई मिळणार, हे सगळं चिनी भाषेत लिहून दोघांच्या सह्या. अपघात विमा एजन्सीने काढलाय की आपण काढायचा, हे तिथेच विचारायचं.

पण तुमचं खरं ऋण आहे ते भाषेचं. मुलाच्या कानावर चांगली मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, पडावी, एवढंच मनात धरून घरं शोधाला लागतात. शांघायमधल्या बहुतेक आयी आन्हुई, च्यांगसू, हनान, स्सच्वान अशा प्रांतांतून आलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या मागे तिची बोली असते. तुमची परीक्षा मिनिटभराची. तिला ४, १०, १४, ४० आणि ४४ हे आकडे चिनीत म्हणायला सांगायचं. चार म्हणजे 'स', दहा म्हणजे 'श'; हे दोन वेगळे ऐकू आले तर उत्तम. मग दूध म्हणायला लावायचं, 'न्योनाय'चं 'ल्योलाय' होतं का ते ऐकायचं. मात्र एवढ्यावर कुणाला नाकारायचं नाही, हेही तुम्हीच बजावता. थोडा हेल चालतो, शुद्ध उच्चार शाळेत कानावर पडतातच. गप्प बसणारी बाई मात्र चालत नाही. म्हणून तीन दिवस पगारी चाचणी ठेवायची आणि लांबून बघायचं: गाजर सोलताना ती मुलाशी बोलते का, जमिनीवर बसते का, मुलाने एक शब्द म्हटला तर त्याचं वाक्य करून परत देते का, की एका हातात मोबाइल आणि पडद्यावर व्हिडिओ. मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलू नका, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. आपल्याला बरं वाटावं म्हणून बऱ्याच जणी ते करतात. आई-बाबांनी मराठीच बोलायचं, हा तुमचा आग्रह तर सोन्यासारखा.

शाकाहारी घरांसाठी तुम्ही केलेला फोटोंचा तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवला की निम्मे गैरसमज मिटतात. 'रौ' म्हणजे मांस, पण 'रौ नको' म्हटलं की बऱ्याचदा ते फक्त डुकराचं मांस समजलं जातं, आणि कोंबडी ताटात येते. भाजीत चवीला घातलेली जीजिंग, म्हणजे कोंबडीच्या अर्काची पूड, तिच्या लेखी मसाल्यात जमा. कालवांचा सॉस आणि डुकराची चरबी यांचंही तेच. म्हणून बाटल्या-पुड्यांचे फोटो आणि त्यावर लाल फुली. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, लहानांना सूर्यफुलाच्या बिया आणि जेलीचे कप नाहीत, हेही त्याच तक्त्यावर. बिया आणि जेली घशात अडकतात म्हणून, असं कारण सांगितलं की ती ऐकते. नुसतं 'नको' म्हटलं तर प्रेमाने देतेच.

तापाचंही तसंच. घाम येऊन ताप उतरेल म्हणून मुलाला दुलईत गुंडाळायची तिच्याकडे जुनी पद्धत. तुमची चिठ्ठी सरळ आहे: कपडे हलके, आधी वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवर आपल्याला फोन, औषध डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेल्या मिलीलीटरइतकंच. खाली १२० हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि इमारत-मजला-खोलीसह पत्ता चिनी अक्षरांत. वीचॅटवर लिहिताना छोटी वाक्यं, वेळ आकड्यांत. लांबलचक वाक्यांचं यांत्रिक भाषांतर हमखास उलटं होतं.

वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्ष, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतो. ती गावी जाणार, आणि कित्येक जणी नववर्षाच्या पंधराव्या दिवशी येणाऱ्या कंदिलांच्या सणानंतरच परततात. रेल्वेची तिकिटं पंधरा दिवस आधी खुली होतात, म्हणून डिसेंबरातच तारखा ठरवा, लाल पाकीट (सणाची पैशांची भेट) आणि तेराव्या, म्हणजे वर्षअखेरच्या जादा पगाराचं बोला, असं तुम्ही दरवर्षी आठवण करून देता. वर्षभर आपल्या मुलांना जपणारी बाई स्वतःच्या मुलांना तेवढेच दिवस भेटते, हे तुम्ही ज्या मायेने सांगता त्यामुळे कुणी घासाघीस करत नाही.

काकू, तुमचा तक्ता आता मराठी आणि चिनी अशा दोन्ही भाषांत नीट टंकून घेतलाय. तापाच्या चिठ्ठीतली औषधाची ओळ कोरी ठेवली आहे, ती ज्या त्या घराने आपल्या डॉक्टरांकडून भरून घ्यायची. एकदा नजरेखालून घाला आणि काही राहिलं असेल तर कळवा. नव्या घरांना तोच देऊ.

तुमचे मनःपूर्वक आभार.

आपली,
शांघायमधली मराठी कुटुंबं