विषय : सिलिकॉन मोल्ड किटच्या माहितीपत्रकातील चुकीची सूचना आणि त्यामुळे झालेले नुकसान

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी सीबीडी बेलापूरला राहतो. दिवाळ्याच्या खाडीवर गळ टाकून जिताडा धरणं हा आमच्या घरातला दोन पिढ्यांचा नाद आहे. वडिलांनी बोय माशाच्या आकाराचं एक लाकडी आमिष हाताने कोरलं होतं. अकरा सेंटिमीटरचं, सागाचं, खवल्यांची एकेक रेघ टोकदार पटाशीने काढलेली. आता त्यांची नजर अधू झाली आहे, तसं दुसरं होणार नाही. म्हणून त्याचा साचा करून मऊ प्लास्टिसॉलची (तापवून ओतायच्या प्लास्टिकची) आमिषं ओतायची, असं ठरवलं आणि आपलं एक किलोचं प्लॅटिनम सिलिकॉन किट १,८९० रुपयांना मागवलं.

माहितीपत्रकातली तिसरी सूचना अशी आहे : ‘मूळ नमुना कोणत्याही क्लेमध्ये अर्धा बुडवून बसवा.’ मी तेच केलं. बाजारातली तेलकट मॉडेलिंग क्ले आणली, नमुना अर्धा बसवला, किटमधल्या सिलिकॉनचे दोन्ही भाग वजनकाट्यावर सारखे मोजले, कडा आणि तळ खरवडत ढवळले आणि वरून बारीक धारेने ओतले. सहा तासांत सेट होईल असं डब्यावर लिहिलं आहे. मी सकाळपर्यंत थांबलो. वरचा थर घट्ट झाला होता, पण क्लेला टेकलेला सगळा भाग मधासारखा चिकट. त्याच कडेने तो चिकटा नमुन्यावर उतरला होता, कल्ल्याच्या खाचेत आणि खवल्यांच्या रेघांत शिरलेला. तो स्पिरिटने पुसून काढताना वडिलांनी दिलेला रंगही निघाला.

आपल्या प्रतिनिधीने दोनदा एकच उत्तर दिलं : मिश्रण नीट ढवळलं नसेल, शिवाय पावसाळ्याची हवा दमट आहे. हे उत्तर मला मान्य नाही, आणि त्याचं कारण माझ्याकडे आहे.

उरलेल्या सिलिकॉनचं मी एकदाच मिश्रण केलं आणि एकाच रात्री, एकाच खोलीत, चार कागदी पेल्यांत ओतलं. पहिला पेला नुसता होता. दुसऱ्यात त्याच तेलकट क्लेचा गोळा, तिसऱ्यात नमुन्यावरच्याच वार्निशचा हात दिलेली सागाची चिपटी, चौथ्यात शाडूचा तुकडा. सकाळी तीन पेले टणक होते. फक्त तेलकट क्लेचा पेला चिकट, तोही गोळ्याला टेकला होता तेवढाच. ढवळण्यात चूक असती किंवा हवा आड आली असती, तर चारही पेले बिघडले असते.

पेणच्या ओळखीच्या एका मूर्तिकाराला फोटो पाठवले. त्यांनी विचारलं, ‘क्लेत गंधक आहे का?’ क्लेच्या दुकानदाराने आहे म्हणून सांगितलं. गंधकाने सिलिकॉनला घट्ट करणारा प्लॅटिनम उत्प्रेरक निकामी होतो आणि सिलिकॉन तिथे घट्टच होत नाही. लॅटेक्सच्या हातमोज्यांनीही हे होऊ शकतं, आणि आपलं पत्रक नुसतं ‘रबरी हातमोजे घाला’ म्हणतं! साचे करणाऱ्यांना जे ठाऊक असतं, ते सिलिकॉन विकणाऱ्या कंपनीला ठाऊक नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. ‘कोणत्याही’ हा एक शब्द चुकीचा छापला गेला आणि त्याचा दोष माझ्या हातावर ढकलला गेला, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न दिल्याने नुकसान झालं, तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो, हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये आहे. त्यामुळे माझी मागणी अशी : किटचे १,८९० रुपये परत करावेत, पत्रकात आणि डब्यावर ‘गंधकमुक्त क्लेच वापरा, लॅटेक्सचे हातमोजे टाळा’ असं मराठी-हिंदीतही ठळक छापावं, आणि ज्यांना हे किट आधीच विकलं आहे त्यांना तशी सूचना पाठवावी. नमुन्याच्या रंगाची भरपाई मी मागत नाही, ती पैशात होणारी नाही. पण पुढे कोणी आपल्या घरातली जुनी वस्तू याच भरवशावर क्लेत बसवील, तिचं असं होऊ नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन. चारही पेले मी जपून ठेवले आहेत. आपला माणूस पाहायला आला तर दाखवीन.

आपला ग्राहक,
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई

सोबत : पावतीची प्रत, माहितीपत्रकाचा फोटो, चार पेल्यांचे आणि नमुन्याचे फोटो