बाजारातल्या चाचांना, चार पायांबद्दल

चाचा, सलाम.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, पण तुमची नात वाचते. बुधवारी ती तुमच्या मटणाच्या दुकानामागे पोत्यावर बसून गृहपाठ करत असते, मी पाहते ना. तिच्याकडूनच हे वाचून घ्या. तोंडावर सांगायला गेले तर तुम्ही 'चल, गिऱ्हाईक उभं हाय' म्हणून उडवून लावाल.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले, ते कापूस वेचणीचे दिवस होते. दोन तास वेचलं की मी धुऱ्यावर बसून राहायची. केस मूठमूठ गळत होते, पाळी आली की दहा-बारा दिवस जायचं नाव घ्यायची नाही, भर उन्हात अंगावर शहारे. घरचे म्हणत, आळस भरला. तालुक्याला रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की वाढणारा आकडा, १४. तो चारच्या आत हवा असतो म्हणे. हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरीणबाईंनी थायरॉइडची गोळी दिली, लोहाची दिली आणि म्हणाल्या, नुसत्या चहावर राहू नका. त्याच आठवड्यात नात्यातल्या कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला: हाडांचं सूप प्या, हार्मोन आपोआप जाग्यावर येतात. म्हणून मी तुमच्याकडे हाडं मागायला आले.

'हाडं कायले पायजे? कुत्र्यासाठी का?' तुम्ही विचारलं. मी लाजत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, 'सुक्या हाडात काय ठेवलं? पाये ने. कातडं न् शिरा असल्या तं पान्याले चिकटी येते.' मग बकऱ्याचे पाय जाळावर धरून केस जाळले, सुरीने खरवडून पांढरे केले, खूर काढले, तुकडे केले आणि घरी जाऊन काय काय करायचं ते बोटांवर मोजून सांगितलं. त्या कापणीचे पैसे तुम्ही कधीच घेतले नाहीत.

आमच्या घरात तुळशीची माळ आहे, मांस चालत नाही, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. सासूबाई लसणाच्या वासानेही पदर नाकाला लावतात. म्हणून गोठ्यामागे तीन दगड मांडले. एक जुना जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, त्या कामासाठीच वेगळा काढला. तुम्ही सांगितलं तसं पाय हळद आणि ज्वारीच्या पिठाने चोळून धुतले, एक उकळी आणून ते पाणी फेकलं, मग चार लिटर नवं पाणी. अद्रक, ठेचलेला लसूण, मिरे, दोन तेजपान, जाळावर भाजलेला कांदा. हळद वायगावची, ती आमच्या भागाची शान, त्यात कंजुषी नाही. मीठ मात्र शेवटी, कारण पाणी आटत जातं आणि आधीच घातलं तर खारट होतं. सुरुवातीला तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ, उकळी आली की बाभळीचं एकच ओंडकं, आणि मग पाच-सहा तास नुसती बुडबुड. घाई असेल तेव्हा मी कुकरला पाऊण-एक तास मंद आचेवर ठेवते, पण चव चुलीचीच.

पहिल्या दिवशी कुत्र्याला हाकलत मी तिथेच बसले होते. मध्ये बाळ रडलं म्हणून आत गेले, परत येऊन पाहते तर सासूबाई! पदर नाकावर, तोंड तिसरीकडे, आणि एका हाताने तुऱ्हाट्या आत सारतायत. 'इझून गेलं असतं,' एवढंच बोलल्या.

थंडीचे दिवस. रात्रभर गंज झाकून ठेवला. सकाळी झाकण काढलं तर वर चरबीचा पांढरा थर आणि खाली खरवसासारखं थरथरणारं. बोट लावलं तर खळगा पडला आणि परत भरून आला. मला वाटलं नासलं! तुमच्या नातीच्या फोनवर फोन केला तर तुम्ही मागून ओरडलात, 'आता कुठं जमलं!' चरबी काढायची, हवं तेवढं गरम करायचं, वरून सांभार (कोथिंबीर) आणि लिंबू. दहा वाजता वाटीभर घेऊन त्यात ज्वारीची भाकर चुरून खायची, असा माझा नेम झाला. त्याआधी दुपारपर्यंत माझ्या पोटात दोन कप चहाशिवाय काही जात नव्हतं.

अंगात जरा तरतरी आली आणि मी शहाणपणा केला. गोळी सोडली. दीड महिन्याने बाजारात तुम्हीच विचारलं, 'तोंड काऊन सुजल्यावानी दिसते वं?' मी तोऱ्यात म्हणाले, गोळी बंद केली चाचा, आता तुमच्या पायांवरच आहे. तुम्ही सुरी खाली ठेवली. मागे चार गिऱ्हाईकं उभी. 'बेटी, मी खाटीक हावो, डाक्टर नाही. पाये माह्याकडून ने, गोळी त्याइच्याकडून. गोळी सुरू कर, मंग ये.' आणि खरंच त्या बुधवारी मला रिकामी पिशवी घेऊन परत पाठवलं. गिऱ्हाईक असं परत लावणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

तपासलं तर टीएसएच २१. डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून समजावलं. थायरॉइडचं हार्मोन गळ्यातली ग्रंथी आयोडीनपासून बनवते. ती मंदावली तर सूप तिचं काम करू शकत नाही. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. मग अर्धा-एक तास चहा नाही. लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. मी दोन्ही एकत्र, चहाच्या घोटासोबत घेत होते! पायांचं सूप चांगलंच, पण त्यातलं प्रथिन अपुरं असतं आणि कॅल्शियमही फारसं उतरत नाही, म्हणून सोबत डाळ, अंडं, दूध हवंच. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मान हलवलीत आणि पावभर कलेजी तोलून पुढे केलीत. 'पायात रगत नसते. रगतासाठी हे.' डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या होत्या, फक्त लांबलचक.

आता टीएसएच ३.१ आहे, हिमोग्लोबिन अकराच्या वर, पाळी पाच दिवसांत आटोपते. गोळी चालूच आहे. उन्हाळ्यात गंज बंद असतो, आपल्याकडच्या उन्हात अन् लाइट जाण्यात ते टिकत नाही. तेव्हा मुगाचं कढण, त्यात शेवग्याच्या शेंगा. ते सासूबाई स्वतः करतात आणि मला आधी वाढतात.

येत्या बुधवारी चार पाय बाजूला ठेवा. मागच्या बाजारात सुट्टे नव्हते म्हणून तीस रुपये राहिले, ते घेऊन येते. पिशवीही आणते या वेळी.

तुमची,
गोठ्यामागे चूल मांडणारी