पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र: आमच्या शेल्टरचा पंचनामा

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

मी सहा वर्षं झाली गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या एका छोट्या शेल्टरमध्ये व्हॉलंटियर म्हणून जाते, रोज कामावर जायच्या आधी दोन तास आणि रविवारी पूर्ण दिवस. मार्चमध्ये आमचं शेल्टर जळलं. शेजारच्या रानातला ऊस तुटून गेला होता, पाचट पेटवलेलं, दुपारी वारा फिरला आणि ठिणगी आमच्या हिरव्या शेडनेटवर आली. ज्यांनी पेटवलं त्यांच्यावर माझा राग नाही, मोटर चालू करून पाइप घेऊन सगळ्यात आधी तेच धावत आले. अग्निशमनची गाडी तालुक्यावरून यायला पाऊण तास लागला, तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शेडनेट पेटलं की वितळतं आणि त्याचे पेटते थेंब खाली पडतात, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या चिंगी कुत्रीच्या पाठीवर अजून रुपयाएवढे गोल गोल डाग आहेत, तिथे आता केस येणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. मागच्या गोठ्यात दोन भाकड गाई आणि एक म्हातारा बैल होता, आमच्या शेल्टरमधल्या काकांनी कोयत्याने दावी कापली आणि तिन्ही जनावरं मिनिटात बाहेर. पण कुत्र्यांच्या पिंजऱ्यांना कुलपं होती, प्रत्येकाला वेगळं, कारण आधी एकदा रात्रीतून कुणीतरी दारं उघडून कुत्री सोडून दिली होती म्हणून आम्हीच लावली होती. चाव्यांचा जुडगा एक, माणसं दोन, आणि धुरात चावीवरचा नंबर दिसत नव्हता. ४१ पैकी ३२ निघाली, ९ राहिली. ही चूक आमची आहे, मी ती लपवत नाही, पण मी जी काही इतर शेल्टर्स पाहिलीत तिथेही बऱ्याच ठिकाणी अशीच कुलपं आहेत म्हणून हे पत्र लिहावं लागतंय.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. आलेला माणूस भला होता, आमच्यासोबत राखेत उकिडवा बसून लिहीत होता. मालकाचं नाव काय लिहू, विचारलं. मालक नाही म्हणलं. मग किंमत काय लिहू? सरकारच्या आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत आग ही आपत्ती धरलेली आहे, शेतकऱ्याची दुभती गाय किंवा म्हैस गेली तर ३७,५०० रुपये, शेळी-मेंढी गेली तर ४,००० रुपये, आणि ते मिळायलाच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण शेल्टरमधल्या कुत्र्यासाठी त्यात ओळच नाही. मला मेलेल्यांचे पैसे नकोत हो. जी ३२ वाचली त्यांच्या औषधाचे आणि डोक्यावरच्या पत्र्याचे तरी कुठल्या तरी खात्यातून मिळावेत एवढंच म्हणणं आहे.

आणि हा प्रश्न आता फक्त आमच्यापुरता राहिलेला नाही. ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळा, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली भटकी कुत्री उचलून, नसबंदी आणि लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवायची, परत तिथे सोडायची नाहीत. म्हणजे शेल्टर्स वाढणार आणि गर्दीही वाढणार. ती शेड बांधताना टेंडरमध्ये कुत्री किती मावतील ते लिहिलं जाईल, पण आग लागली तर ती बाहेर कशी काढायची हे कोण लिहिणार?

इंग्लंडमध्ये मँचेस्टर डॉग्ज होमला ११ सप्टेंबर २०१४ ला आग लागली, साठच्या आसपास कुत्री गेली, दीडशेहून जास्त वाचली आणि लोकांनी दहा लाख पौंडांच्या वर वर्गणी दिली. आपले लोकही कमी नाहीत. शाळेतल्या पोरांनी घरून जुन्या गोधड्या आणल्या, मेडिकलवाल्याने भाजल्यावर लावायच्या मलमाच्या ट्यूब उधारीवर दिल्या आणि नंतर वहीतलं नाव खोडून टाकलं, एका आजींनी रोज सकाळी भाकरीचा काला पाठवला. त्यावरच आम्ही इथवर आलोय. पण नियम लोक करू शकत नाहीत, तो तुम्हालाच करावा लागेल. बाहेरून एक दांडा ओढला की पूर्ण रांगेची दारं उघडली पाहिजेत, छताला शेडनेट नको, कुंपणाभोवती गवत-पाचट काढलेला पट्टा पाहिजे आणि पाण्याची टाकी पिंजऱ्यांपासून लांब पाहिजे, आमची मधोमध होती आणि तिच्यापर्यंत जाताच आलं नाही. सरकारी असो की संस्थेचं, प्रत्येक शेल्टरला हे सक्तीचं करा आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना त्यासाठी अनुदान द्या.

आम्ही सुरुवात केलीये. फॅब्रिकेशनवाल्याला पहिल्या आठ दारांची ऑर्डर दिलीये, दांड्याचं डिझाइन काकांनी जुन्या गोठ्याच्या अडसरावरून काढलं. उरलेल्या दारांचे पैसे अजून नाहीत, सध्या चोवीस कुत्री एका पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये आहेत आणि मालकाला ती शेड जूनच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं टाकायला हवीये. पावसाच्या आधी एकदा तुमच्या खात्यातलं कुणीतरी येऊन बघून जाऊ दे. कार्यक्रम नको, हारतुरे नकोत, आम्ही सकाळी सहापासून तिथेच असतो.

आपली,
शेल्टरमधली एक व्हॉलंटियर