पुश-अप शिकवावेत, शिक्षा म्हणून देऊ नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्गाला उशीर झाला की दहा, पट्टा नीट बांधला नाही की वीस आणि रांगेत कुणाला हसू फुटले तर सगळ्यांना तीस, हा पुश-अपचा दंड मार्शल आर्ट्स शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी भरलेला असतो. वयाच्या अडतिसाव्या वर्षी कराटे शिकू लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो माझ्याही वाट्याला आला. त्या वेळी मला एकही पुश-अप धड काढता येत नव्हता, तरी मी वीस ‘पूर्ण’ केले. म्हणजे कंबर खाली लोंबत ठेवून मान तेवढी वीस वेळा खालीवर केली. प्रशिक्षकांनी आकडा मोजला, मीही मोजला आणि पुढचे चार महिने हाच प्रकार चालू राहिल्याने माझ्या बळात काडीचाही फरक पडला नाही. आज मी स्वतः नवशिक्यांचा सराव घेते आणि तोच प्रकार पुन्हा पाहते, म्हणून हे पत्र.

नेहमीच्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. म्हणजे साठ किलो वजनाची व्यक्ती दर वेळी सुमारे चाळीस किलो ढकलत असते. पहिल्याच दिवशी आलेल्या माणसाच्या हाती चाळीस किलोची सळई देऊन ‘वीस वेळा उचल’ असे कोणताही शहाणा प्रशिक्षक म्हणणार नाही. जमिनीवर मात्र तेच बिनदिक्कत सांगितले जाते, कारण तिथे वजन डोळ्यांना दिसत नाही. गुडघे टेकले की हा भार निम्म्याच्या आसपास उतरतो. परंतु गुडघे टेकण्यापेक्षा हात उंचावर, म्हणजे आधी भिंतीवर, मग भक्कम टेबलावर, मग एखाद्या पायरीवर ठेवणे मला अधिक योग्य वाटते, कारण त्यात टाचेपासून डोक्यापर्यंतची सरळ रेषा सांभाळण्याची सवय पहिल्यापासून लागते आणि पोट व नितंब यांचे स्नायू कामाला लागतात. एका उंचीवर दहा-बारा नीट जमू लागले की उंची कमी करावी. याच्या जोडीला जमिनीवर केवळ खाली येण्याचा भाग चार-पाच सेकंद लावून करावा आणि वर येताना गुडघे टेकावेत. स्नायू जितका भार उचलू शकतो त्याहून अधिक भार तो सावकाश खाली सोडू शकतो, त्यामुळे एकही पुश-अप न जमणाऱ्यालाही या मार्गाने पूर्ण वजनाचा सराव मिळतो. मला स्वतःला पहिला खरा पुश-अप याच पद्धतीने, सात आठवड्यांनी जमला.

आमच्याकडे सर्वाधिक गोंधळ ताकद आणि दम यांच्यात होतो. ज्याचा कमाल आकडा सहा आहे, त्याच्यासाठी प्रत्येक पुश-अप म्हणजे जवळजवळ सगळी पुंजी खर्च करणे असते. त्याच्याकडून तीस करून घेतले तर सातव्यापासून पुढे त्याला केवळ फसवणूक शिकायला मिळते. आधी कमाल ताकद वाढली पाहिजे, म्हणजे प्रत्येक आवर्तन त्या ताकदीचा लहानसा हिस्सा ठरेल आणि दम आपोआप लांबेल. म्हणून दहा-बारा निर्दोष पुश-अप जमेपर्यंत आठवड्यातून तीन दिवस, स्वतःच्या कमाल आकड्याच्या अर्ध्याएवढे किंवा थोडे अधिक, असे चार-पाच सेट करावेत आणि दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटे खरीखुरी विश्रांती घ्यावी. सुरुवातीच्या आठवड्यांतली वाढ स्नायू जाड झाल्यामुळे कमी आणि मज्जासंस्था अधिक स्नायुतंतूंना एकदम कामाला लावायला शिकल्यामुळे जास्त होत असते. हे शिकणे थकलेल्या शरीराला नीट साधत नाही. त्यामुळे एकदाच कोसळेपर्यंत करण्यापेक्षा दिवसभरात तीन-तीनचे सहा-सात ताजे सेट करणे नवशिक्याला अधिक मानवते.

दमाचा विचार त्यानंतर करावा आणि तोही आपल्या कलेला साजेल असा. तायक्वांदोच्या लढतीत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, ऑलिंपिकच्या बॉक्सिंगमध्ये तीन-तीन मिनिटांच्या तीन, तर ज्युदोची मुख्य लढत चार मिनिटांची असते. यांपैकी कुठेही एका संथ लयीत शंभर वेळा ढकलण्याचे काम पडत नाही. काही सेकंदांचा जोरदार मारा, मग पायांची हालचाल, मग पुन्हा मारा असे चालते. म्हणून माझ्या गटात दोन मिनिटांची फेरी लावून आठ-दहा वेगवान पण पूर्ण पुश-अप, वीस सेकंद पदन्यास, पुन्हा पुश-अप असा क्रम असतो आणि आकार बिघडला की आवर्तने कमी केली जातात. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती असते. एकसलग साठ काढून दाखवणारे काही जण या दोन मिनिटांतच गळपटतात, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि खरे सांगायचे तर त्याची थोडी गंमतही वाटते.

पुश-अपमुळे ठोसा आपोआप जड होतो, या समजुतीलाही मुरड घातली पाहिजे. ठोशाचे बळ पायांच्या रेट्यातून आणि कमरेच्या फिरकीतून येते. छाती, खांदा आणि ट्रायसेप्स, म्हणजे दंडामागचा स्नायू, ते शेवटपर्यंत पोहोचवतात. ही शेवटची कडी ढिली असू नये, एवढ्यासाठी पुश-अप मोलाचा आहे. त्यातही बरगड्यांच्या कडेचा सेरेटस अँटिरिअर हा स्नायू, ज्याला बॉक्सरचा स्नायू असेही म्हणतात, विशेष महत्त्वाचा आहे, कारण ठोसा लांबवताना खांद्याचे पाते बरगड्यांवरून पुढे सरकवण्याचे काम तो करतो. त्याला व्यायाम मिळावा म्हणून हात सरळ झाल्यावर तिथेच न थांबता जमीन आणखी दोन बोटे दूर ढकलावी. कोपरे धडाशी काटकोनात पसरण्याऐवजी सुमारे पंचेचाळीस अंशांत ठेवावीत. खांद्यांची दुखणी त्याने बरीच टळतात. शिवाय जितके ढकलले तितके ओढलेही पाहिजे. आडव्या दांड्याला धरून शरीर ओढण्याचा व्यायाम बहुतेक वर्गांत होत नाही आणि मग खांदे पुढे झुकलेले विद्यार्थी तयार होतात.

मुठींवरच्या पुश-अपबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर भार घेतला की मनगट ठोशातल्यासारखे सरळ राहते, आणि तळव्यावर मनगट दुखणाऱ्या प्रौढाला मऊ चटईवर ते सोयीचेही पडते. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलांना कडक फरशीवर मुठी टेकायला लावून ‘हाडे टणक होतील’ असे सांगणे मला अक्षम्य वाटते. त्या वयात हाडांच्या टोकांजवळची वाढीची कूर्चा, म्हणजे जिथून हाड लांब होते तो मऊ भाग, खुली असते. हातांवर वारंवार भार घेणाऱ्या बालजिम्नॅस्टांमध्ये मनगटाजवळची हीच कूर्चा दुखावल्याचे डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. मोठ्यांनीही घाई करू नये, कारण स्नायू काही आठवड्यांत बळावतो, पण स्नायू हाडाला जोडणारे स्नायुबंध आणि हाडे एकमेकांना जोडणारे अस्थिबंध यांना महिने लागतात.

शिक्षेच्या पुश-अपमधला खरा धोका असा की तिथे कुठे थांबायचे ते शरीराऐवजी प्रशिक्षकाचा राग ठरवतो. सवय नसलेल्या माणसाकडून एकाएकी शेकडो आवर्तने करून घेतल्यास स्नायुतंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. या विकाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड असह्य दुखून सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर ‘अंग दुखतेय, जाईल’ म्हणून न थांबता तडक रुग्णालय गाठावे. पालकांना हे लक्षण माहीत असलेच पाहिजे.

प्रशिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे की शिस्तीसाठी दुसरा काही उपाय शोधावा आणि बेल्टच्या परीक्षेत पुश-अप मोजताना छाती जमिनीपासून मूठभर अंतरावर आली व कंबर सरळ राहिली तरच तो धरावा. पहिल्या मोडक्या पुश-अपला मोजणी थांबवावी. गेल्या परीक्षेत आमच्या गटाने हे करून पाहिले, तेव्हा ‘पन्नासवाल्यां’पैकी एकाचा आकडा अकरावर थांबला. तो दोन दिवस रुसला होता; आता टेबलावर हात ठेवून सराव करतो आहे.

आपली विश्वासू,
कराटेची एक विद्यार्थिनी